उजेड मंदावला म्हणजे पारा सापडला?

नोट खरी की खोटी हे पाहण्यासाठी बँकेत जांभळ्या उजेडाचा दिवा असतो. त्यातल्या अतिनील किरणांखाली नोटेवरच्या काही खुणा चमकू लागतात. अशाच दिव्याखाली फिकट पिवळसर द्रावणाच्या दोन बाटल्या ठेवल्या आहेत, अशी कल्पना करा. दिवा लावताच दोन्ही निळ्या उजेडाने भरून जातात. मग एका बाटलीत पाऱ्याच्या क्षाराचे थेंब टाकले, की तिचा उजेड मंदावतो.

या द्रावणात असतात कार्बन डॉट, म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण. त्यांचा आकार दहा नॅनोमीटरहून कमी. केसाच्या जाडीत असे हजारो कण शेजारी शेजारी मावतील. त्यांचा शोध अपघातानेच लागला. २००४ मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधक काजळीतून कार्बनच्या सूक्ष्म नळ्या वेगळ्या करत होते. तेव्हा नको असलेल्या गाळात त्यांना चमकणारे कण दिसले.

२०२३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमुळे क्वांटम डॉटचे नाव सर्वांच्या कानी पडले. पण त्यांतल्या अनेकांमध्ये कॅडमियम हा विषारी धातू असतो. कार्बन डॉटना अशा धातूची गरज नसते आणि कच्चा माल स्वस्त असतो. ओडिशातील संशोधकांनी २०१२ मध्ये ते चक्क संत्र्याच्या रसापासून बनवले.

मात्र नुसत्या कार्बनचा उजेड बहुधा क्षीण असतो. तो वाढवण्यासाठी त्यात नायट्रोजन मिसळतात. नायट्रोजनच्या अणूत कार्बनपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त असल्याने कणाच्या पृष्ठभागाची इलेक्ट्रॉनरचना बदलते आणि शोषलेल्या प्रकाशाचा मोठा भाग उष्णतेत वाया न जाता पुन्हा प्रकाश होऊन बाहेर पडतो. सायट्रिक ॲसिड आणि एथिलीनडायअमाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन बंद भांड्यात पाण्यासह सुमारे २०० अंश सेल्सिअसला तापवले, की असे कण तयार होतात. २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी याच मार्गाने सुमारे ८० टक्के प्रकाश परत देणारे द्रव्य मिळवले.

पारा आला की उजेड का कमी होतो? कणाच्या पृष्ठभागावरचे नायट्रोजन व ऑक्सिजनयुक्त गट पाऱ्याच्या आयनांना धरून ठेवतात. प्रकाशाने उत्तेजित झालेला इलेक्ट्रॉन मग उजेड देण्याऐवजी पाऱ्याकडे वळतो. उजेड किती घटला, यावरून पाऱ्याचे प्रमाण काढता येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या लिटरभर पाण्यात एक मायक्रोग्रॅमच पारा चालतो, म्हणजे हजार लिटरच्या टाकीत फक्त एक मिलिग्रॅम! एवढा कमी पारा मोजायला आज महागडी यंत्रे आणि प्रशिक्षित माणसे लागतात. गावपातळीवर वापरता येईल अशी कागदी पट्टी मिळाली, तर मोठीच सोय होईल.

पण खरी अडचण इथेच आहे. लोहाचे आयनही हा उजेड मंदावतात आणि आपल्याकडे अनेक ठिकाणच्या बोअरच्या पाण्यात लोह असते. गढूळ किंवा रंगीत पाणी तर दिव्याचे किरणच अडवते. म्हणजे उजेड कमी झाला, पण तो पाऱ्यामुळे की लोहामुळे, हे कळत नाही. शुद्ध पाण्यात केलेली चाचणी नदीच्या पाण्यातही तेच उत्तर देईल, असे धरून चालत नाही. शिवाय सायट्रिक ॲसिडपासून डॉट बनवताना काही चमकदार साधे रेणूही तयार होतात. नीट गाळून वेगळे केले नाहीत, तर त्यांच्या चमकीचे श्रेय डॉटना मिळते.

हे कण पाणी स्वच्छ करायलाही वापरून पाहत आहेत. टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढऱ्या रंगात वापरले जाणारे द्रव्य प्रकाशात सेंद्रिय रेणू तोडते, पण त्याला लागतात अतिनील किरण, आणि जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात ते जेमतेम पाच टक्के असतात. नायट्रोजनयुक्त डॉट जोडीला दिले की दृश्य प्रकाशाचाही काही भाग कामी येतो. पाणी आणि ऑक्सिजनपासून तयार होणारे अतिक्रियाशील मूलक मग रंगाचे रेणू फोडतात. इचलकरंजी, सोलापूरसारख्या कापड उद्योगाच्या शहरांना यात रस वाटावा.

इथेही सावध राहायला हवे. रंग गेला म्हणजे पाणी स्वच्छ झाले असे नाही. रेणूचे बिनरंगी तुकडे उरू शकतात. म्हणून पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला, हे मोजावे लागते. शिवाय वापरलेले डॉट पाण्यातून परत काढायचे कसे, हेही ठरवावे लागते.

कार्बन डॉटची पाणी तपासणारी पट्टी उद्या बाजारात आली, तर ती किती लखलखते हे पाहू नका. लोह असलेल्या, गढूळ पाण्यात तिची परीक्षा झाली आहे का, हे आधी विचारा. आणि पाऱ्याची शंका असेल, तर आजही पाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच द्या.