घाट, मोटार आणि ब्रेक

मावळांत राहणाऱ्या मुलांस घाट कांहीं नवा नाहीं. लोणावळ्याच्या पलीकडे खंडाळा ओलांडला कीं सह्याद्री एकदम तुटतो आणि खालीं खोपोलीचा प्रदेश दिसूं लागतो. या उतारावरून रोज असंख्य मोटारी, मालट्रका व आगगाड्या उतरतात. मोटारींविषयीं आमच्या विद्यार्थ्यांस मोठें कुतूहल असतें. परंतु त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : 'ही गाडी किती वेगानें धांवते?' 'ती किती अंतरांत थांबते?' असें विचारणारा विद्यार्थी विरळा. वस्तुतः दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर समाधानकारक असल्यावांचून पहिला प्रश्न विचारण्यांत अर्थ नाहीं. यास्तव, एखादी जुनी स्पोर्ट्‌स मोटार शर्यतीस योग्य करावयाची झाल्यास तिच्या ब्रेकमध्यें कोणत्या सुधारणा कराव्या लागतात व त्या कां, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ब्रेक म्हणजे काय तें पाहूं. ब्रेक लावला म्हणजे गति नाहींशी होते, असें आपण म्हणतों. परंतु सृष्टींत शक्ति कधींच नाहींशी होत नाहीं, तिचें रूप मात्र पालटतें. धांवत्या गाडीची शक्ति ब्रेकच्या घर्षणानें उष्णतेंत रूपांतरित होते. एक हजार किलोग्रॅम वजनाची मोटार ताशीं १०० किलोमीटर वेगानें जात असतां तिच्या अंगीं सुमारें ३ लक्ष ८६ हजार जूल शक्ति असते. वेग दुप्पट झाला कीं ही शक्ति दुप्पट होत नाहीं, चौपट होते. शर्यतींत थोडा वेग वाढविला तरी ब्रेकवर फार मोठा भार कां पडतो, याचें रहस्य या एका नियमांत आहे.

आतां घाटाचें गणित करूं. बोरघाटांतील रेल्वेचा चढ १८३१ फूट, म्हणजे सुमारें ५५८ मीटर, मानिलेला आहे. तेवढ्या उंचीवरून वरील मोटार खालीं उतरली तर सुमारें ५५ लक्ष जूल शक्ति मोकळी होते. एवढ्या उष्णतेनें हंड्यांतील साधारण १८ लिटर गार पाण्यास आधण येईल! यांतील कांहीं भाग हवेचा विरोध व इंजिन सोसतें. बाकीचा सर्व भार चार चाकांतील ब्रेकवर पडतो. ही उष्णता वेळेवर बाहेर गेली नाहीं तर ब्रेकच निकामी होतो. ब्रेकची सुधारणा म्हणजे मुख्यतः उष्णतेची व्यवस्था, हें सूत्र विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आमच्या घाटांत हा धडा मोटारीच्या फार पूर्वीं आगगाडीनें शिकविला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा बोरघाटांतील मार्ग इ. स. १८६३ मध्यें सुरू झाला. त्यांत अतिशय कठीण ठिकाणीं ३७ फूट अंतरास १ फूट असा चढ आहे. उतरणारी गाडी आवरली नाहीं तर काय करावें, याचा विचार इंजिनिअरांनीं आधींच करून ठेविला होता. मुख्य मार्गास फुटून डोंगराकडे चढत जाणारे रूळ त्यांनीं घातले. गाडी ठराविक जागीं थांबून आपण ताब्यांत असल्याचें दाखवीपर्यंत सांधा त्या चढत्या रुळांकडेच लाविलेला असे. म्हणजे बेफाम झालेली गाडी दरींत न जातां चढावर जाऊन आपोआप थांबावी. इ. स. १९२९ मध्यें या घाटांत विजेचीं इंजिनें आलीं. विजेच्या इंजिनाचा एक विशेष गुण असा कीं, उतारावर त्याच्याच मोटारींकडून वीज उत्पन्न करवून वेग आवरतां येतो, आणि चाकांवरील ब्रेकचा ताप तेवढा कमी होतो. यावरून दोन गोष्टी दिसून येतात : उष्णतेस वाट करून द्यावी, आणि एकाच साधनावर सर्वस्वीं विसंबूं नये. शर्यतीच्या मोटारीसहि हेच दोन नियम लागू आहेत.

उदाहरणादाखल एम. जी. कंपनीची टी. सी. नांवाची इंग्रजी स्पोर्ट्‌स मोटार घेऊं. ही इ. स. १९४५ पासून १९४९ पर्यंत तयार होत असे. दोघांपुरती जागा, तारांच्या आऱ्यांचीं उंच चाकें आणि साडेबाराशें घनसेंटिमीटरचें लहानसें इंजिन, असें तिचें स्वरूप आहे. तिच्या चारहि चाकांस नऊ इंच व्यासाचे ड्रमब्रेक आहेत. पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकाकडे दाबलें जातें. तेथील दट्ट्या सरकून दोन अर्धचंद्राकार ब्रेकशू फांकतात आणि त्यांवरील लायनर फिरत्या ड्रमच्या आंतल्या बाजूस घासतात.

साध्या रस्त्यावर ही रचना उत्तम चालते. शर्यतींत मात्र वळणावळणावर जोरानें ब्रेक लावावा लागतो, आणि ड्रम थंड होण्यास अवकाश मिळत नाहीं. चारहि ड्रम मिळून ३० किलोग्रॅम बिडाचे आहेत व सर्व उष्णता त्यांतच राहिली असें धरलें, तर हजार किलोग्रॅमची गाडी ताशीं १०० किलोमीटरवरून एकदां थांबवितांना त्यांची उष्णता सुमारें २८ अंशांनीं वाढेल. असें लागोपाठ दहा वेळां घडल्यास काय होईल, हें विद्यार्थ्यांनींच मोजून पाहावें. तापल्यानें तीन दोष उद्भवतात. पहिला असा कीं, ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो. नऊ इंची ड्रम २०० अंशांनीं तापला तर त्याचा व्यास सुमारें अर्धा मिलिमीटर वाढतो, व पेडल तितकें अधिक खोल जातें. दुसरा असा कीं, लायनरची घर्षणशक्ति घटते. पाय कितीहि दाबला तरी गाडी आवरत नाहीं. तिसरा दोष सर्वांत भयंकर. ब्रेक ऑइल उकळून त्याची वाफ होते; वाफ सहज दबली जाते, म्हणून पेडल एकाएकीं तळास टेंकतें.

आतां सुधारणेचा क्रम सांगतों. आरंभ नव्या भागांपासून न करितां जुन्यांच्या तपासणीपासून करावा. ड्रम गोल आहेत कीं नाहींत, नळ्या गंजल्या आहेत काय, व्हील सिलिंडर पाझरतात काय, रबरी होज चिरले आहेत काय, हें पाहावें. जुन्या लायनरांत पुष्कळदां ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांस अत्यंत घातक आहे. ती फुंकून उडवूं नये, हवेच्या नळीनेंहि उडवूं नये, ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. आणि हें काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावें.

त्यानंतर अधिक उष्णता सोसणारे, ॲस्बेस्टॉसविरहित लायनर बसवावे. येथें एक सावधगिरी हवी. शर्यतीचे कांहीं लायनर तापल्यावरच नीट धरतात. थंड असतां ते साध्या लायनरांहून कमी धरतात. म्हणून त्याच गाडीनें बाजारहाट करावयाचा असेल तर ते योग्य नव्हेत. पुढची पायरी ड्रमची. बाहेरून ॲल्युमिनियमच्या पाळ्या व आंत लोखंडी कडें, असे ड्रम टी. सी. सारख्या गाड्यांस लावण्याची वहिवाट जुनीच आहे. ॲल्युमिनियम उष्णता त्वरित वाहून नेतें आणि पाळ्यांमुळें हवेस अधिक पृष्ठभाग मिळतो. चुलीवरून उतरविलेला चहा कपापेक्षां बशींत लवकर निवतो, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय टी. सी. नंतर आलेल्या टी. डी. गाडीच्या पुढच्या चाकांत दोन्हीं शू फिरत्या ड्रमबरोबर ओढले जाऊन अधिक घट्ट बसतात, अशी योजना होती. तीहि उपयुक्त ठरते.

ब्रेक ऑइलकडे मात्र बहुतेकांचें दुर्लक्ष होतें. सामान्य जातीचें ब्रेक ऑइल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ४ प्रतीचें कोरें ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. परंतु त्यांत पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लोणावळ्याचा पावसाळा ज्यांनीं अनुभविला आहे, त्यांस हवेंतील ओलाव्याविषयीं अधिक सांगणें नकोच. पावसाळा संपतांच ऑइल बदलावें, हा नियम आमच्या भागांत शर्यतीच्या गाडीनें तरी मोडूं नये.

जुन्या गाड्यांत सर्व चाकांस एकच मास्टर सिलिंडर व एकच मार्ग असे. एक नळी फुटली कीं चारहि ब्रेक गेले! म्हणून दोन स्वतंत्र मार्ग असलेला सिलिंडर बसवावा. एक मार्ग निकामी झाला तरी दुसरा उरतो. रेल्वेचा दुसरा धडा तो हाच. तसेंच, ब्रेक लावतांना गाडीचा भार पुढें झुकतो, म्हणून पुढील चाकांस अधिक जोर द्यावा. मागचीं चाकें आधीं अडकलीं तर गाडी गर्रकन फिरते.

कोणी विचारील कीं, एवढ्या खटाटोपापेक्षां सरळ डिस्कब्रेक कां लावूं नयेत? डिस्कची कल्पना जुनी आहे. लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरानें इ. स. १९०२ मध्यें तिचें पेटंट घेतलें होतें. इ. स. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मान येथील चोवीस तासांची शर्यत डिस्कब्रेक लाविलेल्या जॅग्वार गाडीनें जिंकली, तेव्हां त्यांचें श्रेष्ठत्व जगास पटलें. डिस्क उघडी असल्यामुळें लवकर निवते, आणि तापून फुगली तरी पॅडपासून दूर न जातां त्यांच्याकडेच सरकते. तथापि तिला पेडलवर अधिक जोर लागतो, जुन्या चाकांत कॅलिपर मावेलच असें नाहीं, आणि जुन्या गाड्यांच्या अनेक शर्यतींत मूळ धर्तीचेच ब्रेक ठेवावे असा नियम असतो. म्हणून हत्यार हातीं घेण्यापूर्वीं नियमांचें पुस्तक हातीं घ्यावें.

एवढें सर्व केलें तरी एक मर्यादा उरतेच. गाडी शेवटीं टायर आणि रस्ता यांच्या पकडीनें थांबते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशीं १०० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारें ५० मीटरांत थांबेल. ओल्या रस्त्यानें पकड निम्मी झाली तर १०० मीटर लागतील. उत्कृष्ट ब्रेकहि हा हिशेब बदलूं शकत नाहीं. सुधारलेल्या ब्रेकची परीक्षा बंदिस्त मैदानांत, हलक्या वेगापासून चढत्या क्रमानें घ्यावी. घाटाचा सार्वजनिक रस्ता ही परीक्षेची जागा नव्हे; तेथें दुसऱ्यांचींहि मुलें प्रवास करीत असतात.

आमच्या वाचकांपैकीं शर्यतींत उतरणारे थोडे; घाट उतरणारे मात्र बहुतेक सर्व. म्हणून पालकांस व विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच आहे. उतारास लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा, म्हणजे इंजिन गाडीस आवरून धरतें. तेल वांचविण्याच्या लोभानें गाडी न्यूट्रलमध्यें सोडणें म्हणजे चार पैशांसाठीं जीव गहाण टाकणें होय. पेडल मऊ लागलें किंवा जळका वास आला तर सुरक्षित जागीं थांबून ब्रेक निवूं द्यावे. उशीर झाला तरी चालेल. आणि मुलांनो, घरची गाडी घाटांत शिरण्यापूर्वीं 'ब्रेक ऑइल केव्हां बदललें?' हा प्रश्न वडिलांस अवश्य विचारा. तो उद्धटपणा नव्हे, घरच्या माणसांची काळजी आहे.