स्प्रिंगची पारख

मुलांनो, खाचखळग्यांच्या माळावरून उड्या मारीत धावणारा छोटासा ट्रक तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यात कोणी बसलेले नसते. दूर उभा असलेला चालक हातातील यंत्रातून रेडिओलहरी पाठवितो आणि त्यांच्या आज्ञेने ट्रक धावतो, वळतो, थांबतो. जपानमधील तामिया कंपनीने १९८७ साली बाजारात आणलेला ‘क्लॉड बस्टर’ हा या जातीतील एक प्रसिद्ध ट्रक होय.

अशा बहुतेक ट्रकांच्या प्रत्येक चाकाजवळ एक धक्काशोषक असतो. तेलाने भरलेली नळी आणि तिच्याभोवती बसविलेली पोलादी स्प्रिंग, अशी त्याची रचना असते. स्प्रिंग धक्का झेलते. तेल तिची उसळी शमविते.

स्प्रिंग जितकी कडक तितका ट्रक चांगला, असे पुष्कळांना वाटते. परंतु हा समज खरा नाही. फार कडक स्प्रिंग दगडावर पुरेशी दबत नाही. मग सारा ट्रकच वर उसळतो. चाक जमिनीवर टेकलेले नसेल, तर चालकाच्या आज्ञेचा काय उपयोग? उलट, स्प्रिंग फार नरम असेल, तर उडीनंतर ट्रकचे पोट जमिनीवर आदळते आणि वळणावर तो एका कुशीवर कलतो.

मग योग्य स्प्रिंग ओळखावी कशी? इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम येथे उपयोगी पडतो. मर्यादेच्या आत, जितका भार तितकी स्प्रिंग दबते. ५०० ग्रॅम भाराने जी स्प्रिंग १० मिलिमीटर दबते, ती १ किलोग्रॅम भाराने २० मिलिमीटर दबेल. त्याच भाराने कमी दबेल ती स्प्रिंग अधिक कडक. वेढे तेच ठेवून तार एकदशांशाने जाड केली, तरी कडकपणा जवळजवळ दीडपट होतो. कारखानदार स्प्रिंगांना निरनिराळे रंग देतात. परंतु एकाची लाल स्प्रिंग दुसऱ्याच्या लाल स्प्रिंगइतकीच कडक असेल, असे नाही. म्हणून रंगावर न विसंबता भार ठेवून पाहावे.

जमीन खडबडीत असेल, तर नरम स्प्रिंग निवडावी; जमीन सपाट आणि उड्या उंच असतील, तर कडक. बॅटरीसह तयार असलेला ट्रक वीतभर उंचीवरून सपाट जमिनीवर सोडावा. पोट दणकन आदळले, तर स्प्रिंग नरम आहे. ट्रक फारसा न दबता उसळला, तर ती कडक आहे. तो पुन्हा पुन्हा हिंदकळत राहिला, तर मात्र तेल अधिक दाट हवे. धक्काशोषकावरील कडे फिरविल्याने ट्रकची उंची वाढते, स्प्रिंगचा कडकपणा नव्हे. हेही ध्यानात ठेवावे. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे कोणत्या बदलाने काय घडले ते कळते.

सारांश, जी स्प्रिंग प्रसंगी दबते, पण लगेच सावरून चाकाला जमिनीवर टेकवून ठेवते, तीच त्या ट्रकाला योग्य होय.