उभ्यानं उतरलेला घाट

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालेली भरलेली एसटी राजूर घाटात शिरली की उभ्या प्रवाशाला वळण आधी तळपायाला कळतं, मग डोळ्यांना. रोज जाणारा माणूस वळणाआधीच एक पाय थोडा पुढे टाकतो, कंबर सीटच्या कडेला टेकवतो आणि वरची दांडी नुसती हाताशी ठेवतो. नवखा मात्र दांडीला लोंबकळतो आणि दर वळणाला शेजाऱ्याच्या अंगावर जातो. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग लोक बोलता बोलता पाडतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. या दोघांत येणं-जाणं करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या लाल गाडीत उभ्या राहून मोठ्या झाल्या. ते उभं राहणं काळाबरोबर किती बदललं, हे पाहायला गेलं तर ‘पूर्वी हाल होते, आता सुख आहे’ किंवा त्याच्या उलट, असं सरळ उत्तर मिळत नाही.

दरवर्षी 1 जूनला आगारांत रांगोळ्या निघतात, कारण 1948 साली त्या दिवशी पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. लाकडी सांगाडा आणि काथ्याच्या सीटा, अशी ती गाडी होती. पण तेव्हा बुलढाणा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, मुंबई राज्याशी आपला संबंध नव्हता. तो जुळला 1956 च्या नोव्हेंबरात. विदर्भाची, मराठवाड्याची आणि मुंबई राज्याची अशा वेगवेगळ्या परिवहन सेवा एकत्र होऊन आजचं महामंडळ उभं राहिलं ते 1961 साली. म्हणजे वाढदिवस आपण साजरा करतो तो दुसऱ्याच्या गाडीचा. आज जिल्ह्यात बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, शेगाव, मलकापूर आणि जळगाव जामोद अशी सात आगारं आहेत.

जुन्या प्रवाशांना विचारा, ते गाडीबद्दल कमी आणि रस्त्याबद्दल जास्त बोलतील. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबराचा थर आपल्याबरोबर वरखाली नेते. नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या पट्ट्यात रस्ता कितीही सपाट केला तरी दोन-तीन पावसाळ्यांत त्याच्या लाटा व्हायच्या. त्यावरून गाडी जायची ती कमान पाट्यांवर, म्हणजे पोलादाच्या एकावर एक रचलेल्या वाकड्या पट्ट्यांवर.

पाट्यांची गंमत अशी की ते भरलेल्या गाडीचं वजन पेलायला बनवलेले असतात. गाडी रिकामी असली तर ते दबत नाहीत, ताठ राहतात आणि खड्ड्याचा दणका जसाच्या तसा वर पोचवतात. म्हणून दुपारची रिकामी फेरी सगळ्यात जास्त आदळते, आणि सैलानीच्या यात्रेची किंवा गजानन महाराजांच्या प्रकट दिनाची खचाखच भरलेली शेगावची गाडी त्यामानानं मऊ चालते. गर्दीला शिव्या घालताना हे कोणाच्या लक्षात येत नाही; पण मधल्या जागेत दाटीवाटीनं उभे राहिलेले वीस-पंचवीस जण बसलेल्यांचा प्रवास थोडा सुखाचा करत असतात.

शेवटच्या बाकाचंही तसंच. तो मागच्या चाकांच्याही मागे, अधांतरी लोंबणाऱ्या भागात असतो. मागचं चाक खड्ड्यातून वर आलं की तो भाग चाकापेक्षा जास्त उसळतो. शाळकरी पोरं मुद्दाम तिथं बसतात, म्हाताऱ्यांना कोणी तिथं बसवत नाही. उभं राहायचं असेल तर दोन्ही चाकांच्या मधोमध, ही जागा जाणकार कधी सोडत नाहीत.

गाडी म्हातारी होते ती याच पाट्यांपासून. पट्ट्यांमधलं ग्रीस वाळतं, गंज चढतो, त्या एकमेकींवर घसरेनाशा होतात. मग बारीकसारीक खडबडही थेट वर येते. शॉकअब्सॉर्बर निकामी झाला तर एका गतिरोधकानंतर गाडी तीन-चारदा डुलते, आणि बसलेल्या माणसापेक्षा उभ्याला ते जास्त लागतं, कारण त्याचं डोकं जमिनीपासून लांब असतं. खाली बोटभर हाललं तर वर हातभर झोका. त्याच्या बाजूनं एकच गोष्ट असते, गुडघे. उभ्या माणसाचे गुडघे म्हणजे त्याचे स्वतःचे पाटे. ते पस्तिशीपर्यंत चांगले असतात.

दुसरं म्हातारपण सांगाड्याचं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे रिबीट सैल होतात, तळाचा पत्रा टाचेखाली वाजतो, खिडकीच्या काचा चौकटीत खडखडतात. तिकिटाची घडी करून काचेच्या फटीत खोचणारा प्रवासी प्रत्येक गाडीत एक तरी असतो. काच गप्प बसते, पण तिच्यामागची काच लगेच सुरू होते.

1982 च्या दिल्लीच्या एशियाडनंतर आपल्याकडे निमआराम गाड्या आल्या आणि त्यांना ‘एशियाड’ हेच नाव चिकटलं. पुढे हिरकणी, शिवशाही वगैरे आल्या. खेडोपाडीच्या उभ्या प्रवाशाचा त्यांच्याशी फारसा संबंध आला नाही. त्याची गाडी साधीच राहिली.

खरा बदल झाला तो रस्त्यात. मलकापूर, नांदुरा, खामगावहून जाणारा महामार्ग चौपदरी झाला. याच महामार्गावर पुढे अमरावती ते अकोल्यादरम्यान जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. घाटावर मेहकर, सिंदखेडराजाकडून समृद्धी महामार्ग गेला. बऱ्याच जोडरस्त्यांचं काँक्रीट झालं. काळ्या मातीचं नखरेल वागणं काँक्रीटपुढे थोडं तरी वरमलं.

नेमक्या याच काळात गाड्या थकल्या. 2020 ची टाळेबंदी, मग 2021 च्या ऑक्टोबरअखेरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत चाललेला कर्मचाऱ्यांचा संप, आणि रखडलेली खरेदी. महामंडळाच्या साधारण अठरा हजार गाड्या पंधरा हजारांच्या आसपास आल्या आणि उरलेल्यांवरचं ओझं वाढलं. त्याआधीच जुन्या चॅसीवर पोलादी सांगाडा चढवून गाड्यांची पुनर्बांधणी सुरू झाली होती. अपघातात तो सांगाडा जास्त सुरक्षित, यात वाद नाही. पण अशा गाडीला बाहेरून नवं म्हणावं तर आत पाय ठेवताच खालचं जुनं इंजिन पोटरीतून बोलायला लागतं.

माझ्या मते बदल इथं आहे. पूर्वी त्रास रस्त्याचा होता, तो हादऱ्यांनी यायचा आणि मधे उसंत असायची. आता रस्ता गुळगुळीत आहे, वेग वाढला आहे आणि त्रास गाडीच्या पोटातून येतो, न थांबता, थरथरीच्या रूपात. हादऱ्यासाठी माणूस तयार राहू शकतो. समोर खड्डा दिसतो, गुडघे आपोआप वाकतात. थरथरीला सावध राहता येत नाही. चिखलीला उतरल्यावर दहा मिनिटं तळवे झिणझिणतात, एवढंच कळतं.

आणि उभे कोण आहेत, हेही बदललं. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास, मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. दोन्ही योजना चांगल्याच. माहेरी, दवाखान्यात, शेगावला जाणाऱ्या बायांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली. पण गाड्या कमी आणि माणसं जास्त, म्हणून ज्यांचे गुडघे आधीच झिजलेत त्यांच्यावर उभं राहायची वेळ जास्त आली.

आपल्यावर अशी उभं राहायची वेळ येते, परदेशात मात्र गंमत म्हणून उभ्यानं धावायचे रोलर कोस्टर निघाले होते. सायकलच्या सीटसारख्या खोगीरावर टेकायचं, खांद्यावरून पट्टा आवळायचा आणि उभ्यानंच उलटं व्हायचं. अमेरिकेत सीडर पॉइंटचा ‘मँटिस’ 1996 साली असा सुरू झाला. अशा गाड्यांबद्दलची तक्रार ठरलेली: डोकं पट्ट्यावर आपटतं, पाय दुखतात. शेवटी 2015 मध्ये त्याच रुळावर बसायच्या, पायाखाली तळ नसलेल्या गाड्या घातल्या आणि नाव ‘रुगारू’ ठेवलं. उभ्याचा झोका सोसवेना म्हणून पैसे मोजून आलेल्यांना त्यांनी बसवलं. आपल्या फेरीवर तो उपाय निघायचा तर एका गाडीमागे आणखी एक गाडी सोडावी लागेल.

आता अशोक लेलँडच्या नव्या लालपऱ्या राज्यभर येऊ लागल्या आहेत. 2,104 गाड्यांची मागणी 2024 मध्ये नोंदवली गेली. त्यांत उभं राहणं सध्या तरी सोपं आहे. त्यांचे पाटे अजून घसरतात, काचा बोलत नाहीत. पण पहिल्या वर्षी कुठलीही गाडी चांगलीच चालते. ग्रीस वेळेवर भरलं जाईल का, बुश झिजल्यावर आगारात सुटा भाग मिळेल का आणि तो बसवायला मेकॅनिक हजर असेल का, यावर पाचव्या-सहाव्या वर्षाचा राजूर घाट ठरणार आहे. बायका मात्र एवढी वाट पाहत नाहीत. स्टँडवर गाडी लागली की पायरीवर पाय ठेवायच्या आत वाहकाला विचारतात, ‘नवी हाय का जुनी?’ आणि जुनी असली तर मागच्या गाडीची वेळ विचारून घेतात.