गॅरेजमधली बोट

अमेरिकेत गॅरेज म्हणजे मोटार सोडून बाकी सर्व काही ठेवण्याची जागा, हे आपल्या मंडळींना सांगायला नको. पण कनेक्टिकटमधील स्टोनिंग्टन या समुद्रकाठच्या गावी रॉड जॉनस्टोन यांनी १९७५ च्या सुमारास आपल्या गॅरेजमध्ये चक्क शर्यतीची शिडाची बोट बांधायला घेतली. गृहस्थ व्यवसायाने बोटी बांधणारे नव्हेत. एका नौकानयनाच्या नियतकालिकासाठी जाहिराती मिळवणे ही त्यांची नोकरी. शनिवार-रविवारी घरच्या सगळ्यांना हाताशी घ्यायचे आणि काम पुढे न्यायचे. फायबरग्लासचे सामान सुमारे ४०० डॉलरचे, बाकी पूर्वीच्या बोटींचे उरलेसुरले. बोटीची लांबी २४ फूट, रुंदी नऊ फुटांना एक इंच कमी. गॅरेजमध्ये मावली पाहिजे ना!

'रॅगटाइम' नावाची ही बोट १९७६ च्या उन्हाळ्यात शर्यतीत उतरली. खलाशी घरचेच. १९ शर्यतींपैकी १७ मध्ये पहिला नंबर! साहजिकच लोक विचारू लागले, "आम्हाला अशी बोट मिळेल का?"

इथे फायबरग्लासचे महत्त्व कळते. ऱ्होड आयलंडचे एव्हरेट पिअर्सन हे या कामातले जुने जाणकार. त्यांनी ही बोट कारखान्यात बांधायचे मान्य केले. रॉडचे बंधू बॉब आपली नोकरी सोडून १९७७ मध्ये धंद्यात उतरले. 'रॅगटाइम'वरूनच साचा घेतला गेला आणि बोटीचे नाव पडले जे-२४.

पेणला गणपती साच्यातून निघताना ज्यांनी पाहिले असतील, त्यांना पुढचे चटकन समजेल. साचा आतून आरशासारखा घासून त्याला मेण लावतात, म्हणजे बोट सुटून येते. पहिला थर रंगीत जेलकोटचा; तोच पुढे बोटीची चकचकीत कांती होतो. म्हणजे काम सारे उलटे, बाहेरून आत! मग काचतंतूंचे कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर बसवायचे आणि रोलर फिरवून आतली हवा काढायची. हार्डनर मिसळलेला असल्याने रेझिन तापते आणि घट्ट होते. दोन थरांच्या मध्ये बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचे तुकडे घालतात. सँडविचच म्हणा. वजन फारसे वाढत नाही, पण ताठपणा कितीतरी वाढतो. डेक वेगळ्या साच्यातून काढून वर बसवायचा, आणि तळाशी ९५० पौंडांच्या आसपास वजनाची शिशाची कील. वाऱ्याने बोट कलली, तरी हेच वजन तिला पुन्हा सरळ करते.

एकच बोट हवी असेल तर साच्याचा खर्च परवडत नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी नौदलासाठी 'म्हादेई' बांधली, ती देवदारासारख्या सीडर लाकडाच्या पट्ट्या जोडून, वर फायबरग्लास चढवून. याच बोटीतून आपले दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. साचा शोभतो तो हजारांच्या हिशेबाला. जे-२४ आजवर पाच हजारांहून अधिक बांधल्या गेल्या.

आणि एकाच साच्यातल्या या बोटींनी शर्यतीचा न्यायच बदलला. निरनिराळ्या बोटी एकत्र धावल्या की हँडिकॅपचे गणित मांडावे लागते. पहिला आलेला जिंकलाच असे नाही, आणि ज्याचा खिसा मोठा त्याची बोट नवी. जे-२४ च्या शर्यतीत जो पहिला पोचला तो जिंकला. बोट ठरलेल्या वजनापेक्षा हलकी चालत नाही, कीलचा आकारही मोजून घेतात. मग उरते काय? वारा ओळखणारा नजरबाज नाखवा आणि एकमेकांच्या इशाऱ्यावर चालणारे पाच जण. सुरुवातीची रेषा सर्वांना सारखी मिळावी, पुढचे ज्याचे त्याने बघावे, एवढीच तर आपली मुलांसाठी इच्छा असते!

सरोवर किंवा समुद्र जवळ असेल, तर मुलांना एकदा गावच्या सेलिंग क्लबात जरूर घेऊन जा. पुढेमागे जुनी बोट घ्यायचा मोह झालाच, तर एक ध्यानात ठेवा. फायबरग्लास कुजत नाही, पण आतला बाल्सा कुजतो. डेकवरच्या एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपत राहिले, तरी तेवढे पुरते. माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो ना, तसाच छोट्या हातोडीने डेक हलकेच ठोकत जा. आवाज खणखणीत आला तर ठीक. 'भद्द' असा आला, तर किंमत विचारण्याआधी तज्ज्ञाला बोलवा.