युक्रेनमध्ये युद्ध, मग दुबईचं तिकीट का महागलं?



२०२२ च्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या बॅचला सांगलीचे एक टूरवाले दादा आले होते. जानेवारीत त्यांनी ३४ जणांच्या दुबई ग्रुपला कोटेशन दिलं होतं. फिक्स रेट, 'सर्व खर्च समाविष्ट'. ॲडव्हान्स घेतला, सीट ब्लॉक केल्या, पण तिकिटं काढली एप्रिलमध्ये. आणि एअरलाइनचा फ्युएल सरचार्ज लागतो तो तिकीट काढायच्या दिवशीचा. माणशी साडेतीन हजार नफा धरला होता, तिकिटातच माणशी चार हजारांच्या वर वाढ झाली. घरचे पैसे घालून त्यांनी ग्रुप नेऊन आणला. मला म्हणाले, "सर, रशिया-युक्रेनचा आणि माझ्या दुबईचा काय संबंध? विमान तर त्या बाजूला जातच नाही!"

या आठवड्याच्या व्हिडिओत या प्रश्नाला मी चारच मिनिटं देऊ शकलो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. तुमचा धंदा विमानाचा नसला तरी वाचा. आज भाव सांगून दोन महिन्यांनी माल किंवा सेवा देणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब लागू पडतो.

विमान कंपनीला युद्धाचा फटका दोन ठिकाणी बसतो. एक, रस्ता. दोन, इंधन. हे दोन्ही वेगळे ठेवून बघा, कारण लोक ते एकत्र करतात आणि मग काहीच कळत नाही.

आधी रस्ता

आपल्याला वाटतं, आकाश सगळ्यांचं. तसं नाही. प्रत्येक देशाच्या वरचं आकाश त्या देशाचं असतं, तिथून जायला परवानगी लागते आणि शुल्क द्यावं लागतं. देश चिडला की रस्ता बंद.

फिनलंडची फिनएअर ही कंपनी बघा. छोटासा देश, गिऱ्हाईक कमी. पण पृथ्वीचा गोल हातात घेऊन युरोपातून जपानकडे दोरी ताणून धरलीत, तर ती हेलसिंकीच्या आसपासून निघून थेट सायबेरियावरून जाते. हेलसिंकी ते टोकियो साधारण साडेनऊ तास. जाऊन-येऊन १९ तास, मधे उतरणं-भरणं धरलं तरी तेच विमान २४ तासांत घरी परत! म्हणजे रोजची फेरी चालवायला विमान एकच पुरतं. अख्ख्या युरोपातले प्रवासी हेलसिंकीला आणायचे आणि तिथून आशियात न्यायचे, या एका गणितावर त्यांनी वर्षानुवर्षं धंदा उभा केला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियाने युरोपच्या विमानांना आपलं बंद केलं. फिनएअरचं टोकियो साडेनऊवरून तेरा तासांवर गेलं. जाताना उत्तर ध्रुवावरून जाण्याची वेळ आली. गंमत म्हणजे १९८३ मध्ये, सोव्हिएत काळात, याच कंपनीने ध्रुवावरूनच टोकियोची सेवा सुरू केली होती. चाळीस वर्षांनी गाडी परत त्याच रस्त्यावर.

आता वही काढा. तेरा अधिक तेरा, सव्वीस. दिवसात तास चोवीस. म्हणजे रोजच्या त्याच एका फेरीला आता एक विमान पुरत नाही, दुसरं लावावं लागतं. पायलट जास्त लागतात. इंधन जास्त लागतं, आणि ते जास्तीचं इंधन वाहून नेण्यासाठीसुद्धा इंधन जळतं. वजनाला मर्यादा असते, त्यामुळे इंधन वाढलं की पोटातला माल कमी करावा लागतो. लांबच्या विमानात प्रवाशांच्या पायाखाली जो माल जातो ना, मासे, औषधं, आपले आंबे, त्याची जागा सगळ्यात आधी कापली जाते. आंबा-भाजी एक्सपोर्ट करणाऱ्यांना हवाई भाड्याचा झटका कधी कधी तेल न वाढतासुद्धा का बसतो, त्याचं एक कारण हे.

आणि त्याच वेळी चिनी कंपन्यांना रशियाचं आकाश खुलंच राहिलं. गिऱ्हाईक तेच, पण स्पर्धकाचा रस्ता तीन-साडेतीन तासांनी छोटा. तुमच्या दुकानासमोरचा रस्ता नगरपालिकेने खोदून ठेवलाय आणि शेजारच्या गल्लीतल्या दुकानाला मात्र पार्किंग दिलंय, असं समजा.

हे फक्त तिकडचं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आकाश बंद केलं ते जुलैपर्यंत. सरकारने राज्यसभेत आकडे दिले: एअर इंडियाचं २ जुलैपर्यंतचं नुकसान ४९१ कोटी, स्पाइसजेटचं सुमारे ३१ कोटी, इंडिगोचं सुमारे २५ कोटी. एवढा फरक का? एअर इंडियाची युरोप-अमेरिकेची लांबची उड्डाणं सगळ्यात जास्त होती. पण इंडिगोचीही एक मजा झाली. त्यांनी त्याच वेळी दिल्ली-इस्तंबूल सुरू केलं होतं, छोट्या विमानाने. लांबच्या रस्त्याला टाकी पुरेना, म्हणून दोह्याला उतरून इंधन भरायचं.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर आकाश पुन्हा बंद. या वेळी इंडिगोला अल्माटी आणि ताश्कंद थांबवावं लागलं, कारण ती शहरं त्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेली. एअर इंडियाची अमेरिकेची विमानं व्हिएन्ना, कोपनहेगनला इंधनासाठी थांबू लागली. बंदी वर्षभर राहिली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा बोजा पडेल, असा अंदाज कंपनीने सरकारला कळवल्याच्या बातम्या आल्या. १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन बंदच केलं. त्यात दुरुस्तीसाठी काढून घेतलेल्या विमानांचंही कारण होतं, सगळं खापर आकाशावर फोडू नका.

मला एकाने विचारलं होतं, "थोडी रिस्क घेऊन जायचं की त्याच रस्त्याने, एवढ्या उंचावर कोण काय करतंय?" १७ जुलै २०१४ ला मलेशिया एअरलाइन्सचं ॲमस्टरडॅम-क्वालालंपूर विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. २९८ माणसं गेली. त्या दिवशी तिथलं ३२ हजार फुटांपर्यंतचं आकाश बंद होतं, वरचं खुलं होतं, आणि विमान ३३ हजारावर होतं. सगळं नियमात होतं. त्यामुळे हा विषय इथेच संपवू.

मग इंधन

आता दादांच्या प्रश्नाकडे येऊ. दुबईचा रस्ता बदलला नाही, हे खरंच. पण तेलाला रस्ता लागत नाही, त्याचा भाव सगळ्या जगात एकदम हलतो.

मार्च २०२२ मध्ये ब्रेंट कच्चं तेल काही काळ १३९ डॉलरला जाऊन आलं. आपल्याकडे दिल्लीत विमानाच्या इंधनाचा, म्हणजे एटीएफचा भाव १ जानेवारी २०२२ ला किलोलिटरला सुमारे ७६ हजार रुपये होता. मार्चमध्ये त्याने पहिल्यांदा लाखाचा आकडा ओलांडला. जूनच्या मध्यात तो १ लाख ४१ हजारांवर होता. साडेपाच महिन्यांत जवळजवळ दुप्पट! भारतीय विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा साधारण ३० ते ४० टक्के असतो. तुमच्या धंद्यातला निम्म्याला आलेला खर्च दुप्पट झाला तर काय होईल, ते तुम्हीच मांडा.

वर आपली दोन खास दुखणी. एक, एटीएफ जीएसटीत नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट लागतो, आणि त्याचं क्रेडिट मिळत नाही. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, रायगडसाठी हा व्हॅट २५ टक्के होता, तो २०२३ मध्ये १८ वर आणला. काही राज्यांत तो चार टक्क्यांच्या आत आहे, म्हणून कंपन्या शक्य तिथे स्वस्त राज्यात टाकी जास्त भरून घेतात. आपण नाही का, कर्नाटकात डिझेल स्वस्त असलं की कागल ओलांडून भरायला जात? दुसरं दुखणं रुपयाचं. विमानांचं भाडं डॉलरमध्ये, तेल डॉलरच्या भावाने, आणि तिकीट विकायचं रुपयात. युद्ध झालं की बहुतेक वेळा तेल आणि डॉलर हातात हात घालून वर जातात.

मग कंपन्या भाव आधीच बांधून का घेत नाहीत? घेतात. अमेरिकेच्या साउथवेस्टने २००८ साठी आपल्या गरजेच्या सुमारे ७० टक्के तेलाचा भाव ५१ डॉलरच्या आसपास बांधला होता, आणि जुलै २००८ मध्ये बाजार १४७ वर गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण डिसेंबरपर्यंत तेच तेल चाळीसच्याही खाली आलं, आणि भाव बांधलेल्यांना तोटा मोजावा लागला. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकने चढ्या भावात लांबचे करार केले, भाव पडले, आणि २०१६ मध्ये कंपनी तोट्यात गेली. साउथवेस्टनेही २०२५ मध्ये हा उद्योग बंद केला. डेल्टाने तर २०१२ मध्ये १५ कोटी डॉलर देऊन अख्खी रिफायनरीच घेतली. गावाचं नाव ट्रेनर! आमच्या नावाची रिफायनरी आहे, हे सांगायची संधी मी सोडणार नाही.

भाव बांधणं ही कमाई नाही, विमा आहे, असं माझं मत. सगळा माल बांधू नका, सगळा मोकळाही सोडू नका. आणि आधीच आजारी असलेल्याला विमाही वाचवत नाही. १९९० मध्ये इराक कुवेतमध्ये घुसला, तेल भडकलं आणि भीतीने प्रवासी आटले, दोन्ही एकदम. १९९१ च्या जानेवारीत ईस्टर्न आणि डिसेंबरमध्ये पॅन ॲम बंद पडली. दोघींच्या तिजोऱ्या युद्धाआधीच रिकाम्या होत्या.

फिनएअर बुडाली का?

नाही. आणि इथे मला लोकांशी भांडावंसं वाटतं. "एकाच रस्त्यावर धंदा उभा केला, ही त्यांची चूक" असं सगळे म्हणतात. मला नाही पटत. तो रस्ता होता तोवर त्यावर कमावणं हेच शहाणपण होतं. खरी गोष्ट पुढची आहे: रस्ता गेल्यावर त्यांनी 'उघडेल पुढच्या महिन्यात' म्हणत वाट नाही बघितली. रिकामी विमानं क्रूसकट दुसऱ्यांना भाड्याने दिली. दोन विमानं तर ऑस्ट्रेलियाच्या क्वांटाससाठी सिडनीहून सिंगापूर-बँकॉक करू लागली. अमेरिका आणि दोह्याकडे फेऱ्या वळवल्या, खर्च कापला, आणि २०२३ मध्ये कंपनी नफ्यात आली. हो, निम्म्याहून जास्त मालकी फिनलंड सरकारची आहे. तुमच्या-माझ्या मागे सरकार उभं नाही, हा फरक विसरू नका.

टूरवाल्या दादांनी त्या बॅचमध्ये फिनएअरचं ऐकून वहीत एकच गोष्ट लिहिली: 'तिकीट काढेपर्यंत भाव माझा नाही.' आता त्यांच्या कोटेशनवर विमानभाडं वेगळं दाखवतात आणि खाली दोन ओळी असतात. 'हा दर १५ दिवस वैध. तिकीट काढण्याच्या दिवशी फ्युएल सरचार्ज बदलल्यास तेवढाच फरक, पावतीसह, घेतला किंवा परत दिला जाईल.' 'परत दिला जाईल' हे मी आग्रहाने घालायला लावलं. त्या ओळीमुळे पहिल्या सीझनला दोन पार्ट्या गेल्या, असं ते सांगतात. एका शाळेच्या निवृत्त हेडमास्तरांनी मात्र एवढंच विचारलं, "विमानाच्या तेलाचा भाव कधी बदलतो?" दादांनी सांगितलं, "दर महिन्याच्या एक तारखेला, सर." हेडमास्तरांनी तीस तारखेलाच पूर्ण पैसे आणून दिले.