लाँचर उभा केला की काय बदलतं?

समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर सगळ्यात महाग गोष्ट कोणती? जागा. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. जमीन संपली की माणूस वर बांधायला लागतो. प्लॅटफॉर्मवरही तेच होतं. 'पिग लाँचर' नावाचं लांबलचक उपकरण डेकवर आडवं मावत नसेल, तर ते उभं करतात. ड्रॉइंगवर हा नुसता नव्वद अंशांचा बदल दिसतो. पण त्यामुळे तिथे काम करणाऱ्या माणसाचं सगळं कामच बदलतं. ते कसं, हे आज बघू.

आधी पिग म्हणजे काय ते पाहू. पाइपलाइनमधल्या तेलाच्या किंवा वायूच्या रेट्याने पुढे सरकणारा हा एक दट्ट्या. साधा पिग मेण आणि गाळ खरवडून नेतो. तपासणीचा पिग जास्त हुशार असतो. त्यातले ताकदवान चुंबक पाइपची भिंत चुंबकित करत जातात. जिथे भिंत गंजून पातळ झालेली असते, तिथे चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडतं आणि सेन्सर ते टिपतात. समुद्राच्या तळाशी असलेला पाइप आतून कसा आहे, हे कळण्याचा हा मोठा मार्ग.

हा पिग चालू लाइनमध्ये घालायचा कसा? त्यासाठी लाइनच्या टोकाला एक नळकांडं जोडतात, तोच लाँचर. त्याचा व्यास लाइनपेक्षा थोडा जास्त असतो, म्हणजे पिग सहज आत जातो. एका टोकाला दार असतं. दुसरं टोक निमुळतं होत लाइनच्या मापाला येतं आणि त्यापुढे मुख्य व्हॉल्व्ह असतो. व्हॉल्व्ह बंद करायचा, नळकांड्यातला दाब सोडायचा, दार उघडून पिग निमुळत्या भागात घट्ट बसवायचा आणि दार लावायचं. मग पिगच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब भरायचा, व्हॉल्व्ह उघडायचा आणि प्रवाह पिगच्या मागून वळवायचा. पिग निघाला!

आता हे सगळं उभं करा. दार वर, व्हॉल्व्ह खाली.

पहिला प्रश्न उंचीचा. मोठ्या लाइनचं तपासणीचं उपकरण सहज तीन-चार मीटर लांब असतं. आडव्या लाँचरच्या दारासमोर तेवढी मोकळी जागा लागते. उभ्या लाँचरला तीच जागा दाराच्या वर लागते. पाच-सहा मीटरच्या नळकांड्यावर चार मीटरचं उपकरण टांगायचं, वर स्लिंग आणि हुक. म्हणजे दहा मीटरच्या वर काहीही आडवं येता कामा नये. डेकवर वाचलेली जागा आपण आभाळाकडून उसनी घेतलेली असते. वर दुसरा डेक असेल, तर हा हिशेब पहिल्याच दिवशी करावा लागतो.

दुसरा प्रश्न पडण्याचा. आडव्या लाँचरमध्ये उपकरण ढकलावं लागतं, उभ्यात ते सांभाळून खाली सोडावं लागतं. समजा, एक टनाचं उपकरण तीन मीटरवरून सुटलं. आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर होईल. आणि त्याच्या वाटेत काय आहे? तो बंद व्हॉल्व्ह. दार उघडं असताना माणसं आणि लाइनमधला पूर्ण दाब यांच्यात तेवढाच अडसर असतो. १९८८ मध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली. ती आग उपकरण पडून लागली नव्हती. पण ती इतकी भडकली, कारण जोडलेल्या गॅस पाइपलाइन फुटल्या आणि त्यांतला वायू आगीला मिळत राहिला. व्हॉल्व्हच्या पलीकडे केवढा साठा असतो, हे त्यावरून कळतं.

म्हणून उचलण्याच्या यंत्राला दुसरा ब्रेक हवा. निमुळत्या भागापुढचा तुकडा पुरेसा लांब हवा, म्हणजे उपकरण व्हॉल्व्हला टेकण्याआधी घट्ट बसेल. चुंबक नळकांड्याच्या भिंतीला ओढले जातात, म्हणून उपकरण मधोमध उतरवणारा मार्गदर्शक हवा. हातातून निसटलेला नटसुद्धा सरळ व्हॉल्व्हवरच जातो, हेही लक्षात ठेवायचं.

तिसरा प्रश्न उरलेल्या दाबाचा आणि वायूचा. समजा दार २८ इंची आहे. ०.२ बार दाब म्हणजे किती? गाडीच्या टायरमध्ये याच्या दहापटीहून जास्त असतो. तरी त्या दारावर तो सुमारे ८०० किलो वजनाइतका जोर लावतो. आणि १०० बारपर्यंतच्या गेजवर ०.२ बार धड दिसतही नाही. म्हणून 'काटा शून्यावर आहे' हा पुरावा नव्हे. दाराला एक छोटा बोल्ट असतो. तो आधी सैल केल्याशिवाय दार फिरत नाही, आणि आत दाब असेल तर तिथून फुसफुस ऐकू येते. उभ्या लाँचरमध्ये हा बोल्ट सैल करणारा माणूस दारावर वाकलेला असतो. त्याला बाजूला उभं राहून तो सैल करता येईल, असाच मचाण बांधायला हवा.

दाब गेला तरी वायू राहू शकतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो. वर तोंड असलेल्या नळकांड्यात तो जुन्या विहिरीतल्या वायूसारखा साचून राहतो. त्यामुळे वर दाराजवळ व्हेंट लागतोच, पण त्यासोबत तळापर्यंत नायट्रोजनने धुण्याची सोयही लागते. आणि नायट्रोजननेही माणूस गुदमरतो, म्हणून आत वाकून बघणं बंद.

उभ्या लाँचरचे फायदेही खरे आहेत. लांब उपकरण एका बाजूला झुकून रबराचे कप घासत नाही. निमुळता भाग सरळ मध्यावर ठेवता येतो. आडव्या लाँचरमध्ये तो तिरका घ्यावा लागतो, म्हणजे तळ सपाट राहतो आणि पिग अडत नाही.

तुमच्यापैकी कुणी मेकॅनिकल किंवा ऑफशोअर इंजिनिअरिंग शिकत असाल, तर असं ड्रॉइंग कधीतरी समोर येईल. नळकांड्याची जाडी कोडवरून निघते, त्यात फारसा वाद नसतो. तुम्ही मात्र विचारा: हुक किती उंचीवर आहे? दार उघडणारा माणूस कुठे उभा आहे? उपकरण सुटलं तर कशावर पडेल? या तिन्हींची उत्तरं स्टील कापायच्या आधी मिळाली, तर बदल पेन्सिलीने करता येतो. नंतर तोच बदल समुद्रात, गॅसच्या शेजारी करावा लागतो.