अंतरपाटाच्या कडेला

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं की हॉलमधला प्रत्येक जण मुठीतल्या अक्षता सावरत पुढे सरकतो. वाजंत्रीवाले इशाऱ्याची वाट बघत असतात. अंतरपाट शास्त्राप्रमाणे उत्तरेकडे काढतात, पण मालाडच्या एस. व्ही. रोडलगतच्या हॉलमध्ये दिशा स्टेज ठरवतं. म्हणून मुरलेला फोटोग्राफर गुरुजींना आधीच विचारून ठेवतो, कापड कुठल्या बाजूने ओढणार? आणि तो विरुद्ध बाजू धरतो. कापड सरकतं, नवरानवरी एकमेकांकडे बघतात, आणि पुढच्या क्षणी हार, अक्षता, मामा, करवल्या आणि मोबाइल धरलेले हात यांत ती नजर हरवते. त्या सेकंदाला पुन्हा संधी नाही. गुरुजींना ‘एकदा परत’ म्हणता येत नाही.

यशिकाच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यावर हे काम करणाऱ्यांची पिढी आता थकली. १२० च्या रोलवर बारा फोटो. वरून काचेत वाकून बघायचं, तर डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे दिसणार. अकरावा फोटो झाला असेल आणि मंगलाष्टकं संपत आली असतील, तर उरलेला एक फोटो सोडून नवा रोल चढवायचा, पण ‘सावधान’ला कॅमेरा रिकामा ठेवायचा नाही. फ्लॅश चार्ज व्हायला वेळ लागायचा, म्हणून बोट आवरायची सवय लागायची. आज एका लग्नात हजारो फोटो निघतात, कॅन्डिडवाला वेगळा, ट्रॅडिशनलवाला वेगळा, वर ड्रोन. तरी पुढे काय होणार हे आधी ओळखणं हीच या कामातली खरी विद्या आहे, आणि ती कॅमेऱ्याबरोबर विकत मिळत नाही.

मालाडमध्ये ही विद्या चारी अंगांनी तपासली जाते. ऑर्लेमच्या चर्चमध्ये लग्न असेल तर वेदीजवळ किती जायचं, फ्लॅश कधी बंद ठेवायचा, हे फादरना विचारावं लागतं. ईस्ट इंडियन घरात आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर निघतात, तो फोटो चुकला तर घरचे माफ करत नाहीत. मढ, भाटी, मार्वेच्या कोळीवाड्यांत हळद म्हणजे रात्रभराचं काम. हळदीने माखलेला चेहरा आणि मांडवातले जांभळे-निळे दिवे यांत माणसाचा खरा रंग शोधायचा असतो. पूर्वेला राणी सती मार्गाच्या बाजूला मारवाडी, गुजराती लग्नं, तिथले विधी वेगळे, फोटोत यायलाच हवीत अशी नाती वेगळी.

या नात्यांपाशी मला फोटोग्राफरचं मोठेपण दिसतं. ग्रुप फोटोला हाका सुरू होतात तेव्हा जिचे गुडघे दुखतात ती आजी खाली खुर्चीवरच राहते. विधवा मावशी ‘मी कशाला मध्ये’ म्हणत खांबामागे सरकते. चांगला फोटोग्राफर हे टिपतो. तो नवरानवरीलाच स्टेजवरून उतरवून आजीच्या खुर्चीपाशी नेतो, मावशीला नाव घेऊन बोलावतो. याचे वेगळे पैसे कुणी देत नाही. पण काही वर्षांनी आजी गेली की घरचे त्याच दुकानात येतात, कारण तिचा दुसरा बरा फोटो घरात नसतो. मग त्या ग्रुपमधून आजीचा चेहरा वेगळा काढायचा, शेजारच्याचा खांदा पुसायचा, मागे फिकट निळा रंग भरायचा आणि दहाव्याच्या आत फ्रेम हातात द्यायची. हार घालायच्या फोटोचे पैसे न घेणारे फोटोग्राफर आहेत. या धंद्यातलं सगळ्यात मोठं देणं मी यालाच मानतो.

जपून ठेवणं हेही देणंच. १९३४ साली हिमांशू रॉय आणि देविका राणी यांनी मालाडमध्ये बॉम्बे टॉकीज सुरू केली. तिथले जर्मन छायाचित्रकार योसेफ विरशिंग यांनी काढलेले फोटो त्यांच्या कुटुंबाने सांभाळले, म्हणून तो स्टुडिओ आतून कसा होता ते आज आपल्याला बघता येतं. लग्नाच्या निगेटिव्हचंही तसंच. बटर पेपरच्या पाकिटावर आडनाव आणि तारीख घालून ठेवलेली निगेटिव्ह वीस वर्षांनीही उपयोगी पडते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उपनगरांत तळमजल्यांवरच्या घरांत पाणी शिरलं की कपाटाच्या खालच्या कप्प्यातला अल्बम पहिला भिजतो. अशा वेळी माहीतगार माणूस सांगतो ते ऐकावं. चिकटलेले फोटो ओढू नका, उन्हातही टाकू नका. अल्बम स्वच्छ थंड पाण्यात बुडवा, फोटो आपोआप सुटे होऊ द्या, चित्राच्या बाजूला बोट लावू नका, आणि सावलीत उताणे वाळवा. जे तरीही गेले, त्यांच्यासाठी निगेटिव्ह.

शिकवणं हेही देणंच. फोटोग्राफरबरोबर लाइट धरणारी पोरं बहुतेक मालवणी, कुरार, आप्पापाड्यातली. त्यांची शाळा म्हणजे हेच हॉल. एक-दोन सीझन लाइट, मग ‘हा कॅमेरा घे, जेवणावळ तू काढ’, आणि एखाद्या दिवशी दोन लग्नांचा मुहूर्त एकच आला की एक ऑर्डर त्याच्या नावावर. स्वतःचा कॅमेरा घेईपर्यंत उस्तादाचा जुना त्याच्याकडेच राहतो.

सामुदायिक विवाहात मात्र एकट्याचं दातृत्व पुरत नाही. पन्नास जोडपी असली तरी मुहूर्त एकच, पन्नास अंतरपाट एकदम बाजूला होतात. एक फोटोग्राफर फुकट आला तर फार तर दोन-तीन जोडप्यांचा तो क्षण हाती लागेल, बाकीच्यांच्या वाट्याला नंतरचे उभे फोटो. तिथे पंधरा-वीस जणांनी ठरवून, ओळी वाटून घेऊनच जायला हवं. अमेरिकेत जेरेमी कावर्ट या फोटोग्राफरने २००९ मध्ये ‘हेल्प-पोर्ट्रेट’ हा उपक्रम सुरू केला. गरजू माणसाचा नीट फोटो काढायचा, छापायचा आणि त्याच्या हातात द्यायचा. यातलं छापणं मला फार महत्त्वाचं वाटतं. पेन ड्राइव्ह हरवतो, मोबाइल बदलतो, आणि ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांना लिंक पाठवून काय उपयोग?

शिवाय कागदावरच्या फोटोला व्यवहारातही किंमत आहे. लिबर्टी गार्डनजवळ महापालिकेचं पी-उत्तर विभाग कार्यालय आहे. तिथे विवाहनोंदणीला जाताना लग्नपत्रिका आणि लग्नाचा फोटो जवळ असावा लागतो. ज्या मुलीचं लग्न पत्रिका न छापता, चार माणसांत लागलं, तिच्यासाठी हार घातलेला एक स्वच्छ फोटो पुढे रेशन कार्डावरच्या नावापासून नवऱ्याच्या पेन्शनपर्यंत कामाला येऊ शकतो. म्हणून सामुदायिक विवाहाला जाणाऱ्यांनी छोटा प्रिंटर बरोबर न्यावा आणि प्रत्येक जोडप्याला दोन प्रती द्याव्यात, एक घरात लावायला आणि एक फायलीत ठेवायला.